शेजारी क्लबांचे घरचे सामने एकाच दिवशी: खेळाची चूक की वेळापत्रकाची अडचण?

प्रश्न : प्रेंटन_पार्क_९

फुटबॉल-व्यवस्थापनाच्या ज्या खेळात मी गेले काही महिने गुंतलो आहे, त्यात ट्रॅनमिअर रोव्हर्स हा क्लब लीग टूमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत, असताना मी हाती घेतला आणि नवव्या हंगामात तो प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. प्रत्यक्षात हा क्लब इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत एकदाही खेळलेला नाही, त्यामुळे आनंद थोडा जास्तच आहे. मात्र या हंगामाचे वेळापत्रक जाहीर झाल्यापासून एक गोष्ट मला खटकत आहे आणि तिच्याविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे.

ट्रॅनमिअरचे प्रेंटन पार्क हे मैदान बर्कनहेडमध्ये, म्हणजे मर्सी नदीच्या एका तीरावर आहे आणि समोरच्या तीरावर लिव्हरपूल व एव्हर्टन हे दोन मातब्बर क्लब आहेत. ते दोघे एकमेकांचे शेजारी आहेत हे खेळाला पक्के ठाऊक आहे, कारण नऊ हंगामांत लीगच्या एकाही फेरीत ते दोघे एकाच वेळी घरी, म्हणजे आपापल्या मैदानावर, खेळलेले मला दिसले नाहीत. माझ्या क्लबाच्या बाबतीत मात्र हा विचार कुठेच आढळत नाही. माझ्या १९ घरच्या सामन्यांपैकी ११ सामन्यांच्या फेरीत एव्हर्टनही घरी आहे आणि उरलेल्या ८ सामन्यांच्या फेरीत लिव्हरपूल घरी आहे. त्यातही बहुतेक सामने शनिवारी दुपारी तीन वाजता, अगदी एकाच वेळी सुरू होतात. तिन्ही मैदानांचा बंदोबस्त मर्सीसाइड पोलीस या एकाच दलाकडे येतो आणि नदीखालून जाणारी लोकल रेल्वेही सर्वांची एकच आहे, तेव्हा असे वेळापत्रक प्रत्यक्षात कोणी मंजूर करील असे वाटत नाही.

खेळासोबतच्या संपादकात (खेळातली माहिती बदलण्याच्या साधनात) मी ट्रॅनमिअर आणि एव्हर्टन यांची जोडी लावून, म्हणजे एक घरी असताना दुसरा बाहेर असे ठरवून, तोच हंगाम पुन्हा चालवून पाहिला. आम्हा दोघांचे सामने व्यवस्थित वेगळे झाले, पण आता लिव्हरपूल आणि एव्हर्टन एकाच दिवशी घरी खेळू लागले. दुखणे बरे झाले नाही, ते फक्त शेजारच्या घरी राहायला गेले. ही खेळाची चूक मानायची की माझी अपेक्षाच चुकीची आहे?

उत्तर : वर्तुळाकार

आपण दिलेल्या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहावे, अशी विनंती आहे. ११ आणि ८ मिळून १९ होतात आणि आपले घरचे सामनेही नेमके १९ आहेत. हा योगायोग नसून लिव्हरपूल-एव्हर्टन जोडीचा तो अटळ परिणाम आहे. प्रत्येक फेरीत त्या दोघांपैकी एक जण घरी असणारच, कारण जोडीचा अर्थच तो आहे. मग आपण ज्या ज्या फेरीत घरी असाल, त्या त्या फेरीत दोघांपैकी कोणीतरी एक आपल्यासोबत घरी असणार. खेळाने ठरवले असते तर ही विभागणी ११ व ८ ऐवजी १० व ९ झाली असती किंवा पार १८ व १ पर्यंतही गेली असती, पण बेरीज १९ च राहिली असती. (१९ व ० मात्र कधीच होणार नाही, कारण एव्हर्टन आपल्याकडे पाहुणा म्हणून येईल, त्या फेरीत तो घरी असू शकत नाही.)

जोडी बाजूला ठेवली तरी हिशेब सुटत नाही. वीस संघांच्या लीगमध्ये ३८ फेऱ्या असतात आणि प्रत्येक क्लब १९ वेळा घरी खेळतो. दोन शेजाऱ्यांचे १९ आणि १९ मिळून ३८ होतात, म्हणजे दर फेरीला एक याप्रमाणे ते तंतोतंत बसतात. तिसरा शेजारी आला की घरचे सामने ५७ होतात आणि फेऱ्या मात्र ३८ च राहतात. जास्तीचे १९ सामने कोणत्या ना कोणत्या शेजाऱ्याच्या सामन्यावर जाऊन पडणार. ते कोणाच्या वाट्याला द्यायचे, एवढेच वेळापत्रक करणाऱ्याच्या हाती उरते. संपादकात जोडी बदलल्यावर आपल्याला जे दिसले ते हेच.

आपण तिघांनाही एकमेकांचे जोडीदार करू पाहाल, तर आणखी मूलभूत अडचण येईल. समजा एव्हर्टन हा लिव्हरपूलच्या अगदी उलट आणि ट्रॅनमिअरही लिव्हरपूलच्या अगदी उलट, असे ठरवले. मग एव्हर्टन आणि ट्रॅनमिअर हंगामभर एकाच वेळी घरी आणि एकाच वेळी बाहेर राहतील, आणि त्या दोघांचा आपसातला सामना कधीच होऊ शकणार नाही, कारण सामन्याला एक यजमान आणि एक पाहुणा लागतो. थोडक्यात, लीगमध्ये प्रत्येक क्लबाला पूर्ण उलटा जोडीदार एकच मिळू शकतो.

असे खेळ वेळापत्रक कसे बांधतात, तेही या निमित्ताने सांगतो, कारण जोड्यांची कल्पना त्या पद्धतीतच मुरलेली आहे. जुनी रीत अशी की, एक संघ जागच्या जागी ठेवायचा, बाकीचे वर्तुळात मांडायचे आणि दर फेरीला सर्वांना एकेक जागा पुढे सरकवायचे. समोरासमोर आलेले संघ त्या फेरीत खेळतात. यातून कोण कोणाशी खेळणार हे ठरते, घर आणि बाहेर मात्र वेगळे ठरवावे लागते. घर-बाहेर-घर-बाहेर अशी अखंड लय फक्त दोन प्रकारची असू शकते: एक घरापासून सुरू होणारी आणि दुसरी बाहेरून सुरू होणारी. दोन संघांची लय हुबेहूब सारखी चालत नाही, हे वर पाहिलेच. म्हणून वीस संघांपैकी फार तर दोघांना अखंड लय मिळते आणि उरलेल्या अठरा जणांना पहिल्या १९ फेऱ्यांत निदान एकदा तरी सलग दोन सामने घरी किंवा सलग दोन बाहेर खेळावे लागतात. लय अशी कमीत कमी वेळा तुटेल असे वेळापत्रक बांधले की वीस लयी आपोआप दहा उलटसुलट जोड्यांत पडतात. शेजाऱ्यांना अशी तयार जोडी नेमून देणे खेळाच्या दृष्टीने जवळजवळ फुकटचे काम आहे. तिसऱ्यासाठी मात्र त्या साच्यात जागाच नसते.

लंडनचे उदाहरण घेतले म्हणजे आपले दुःख हलके होईल. २०२४-२५ च्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये लंडनचे सात क्लब होते: आर्सेनल, चेल्सी, टॉटनम, वेस्ट हॅम, क्रिस्टल पॅलेस, फुलम आणि ब्रेंटफर्ड. त्यांचे मिळून १३३ घरचे सामने होतात, म्हणजे दर फेरीला सरासरी साडेतीन. तेथे सगळ्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याचा विचार कोणी करूच शकत नाही. ज्यांचे प्रेक्षक आणि रस्ते सर्वांत जास्त एकमेकांत अडकतात, अशांच्या जोड्या लावायच्या आणि बाकीच्यांसाठी वार व वेळा पसरायच्या, इतकेच शक्य असते.

उत्तर : तिसरा_स्टँड

वर्तुळाकार यांचा हिशेब निर्विवाद आहे, पण त्यातून प्रश्नकर्त्याने एवढाच अर्थ घेतला की ‘खेळ बरोबर आहे’, तर ते अर्धवट होईल. गणित फेरीपुरते बोलते. फेरी म्हणजे एक दिवस नव्हे आणि प्रत्यक्षातले वेळापत्रक नेमके या फटीतून वाट काढते.

गंमत अशी की, याचे सर्वांत चांगले उदाहरण खुद्द ट्रॅनमिअर आहे. या क्लबाने कित्येक वर्षे आपले घरचे सामने शुक्रवारी रात्री खेळवले. हेतू सरळ होता: शनिवारी लिव्हरपूल किंवा एव्हर्टन यांपैकी कोणीतरी घरी असणार, मग ज्याचे मन त्यांच्याकडे ओढ घेते, पण ज्याला गावातल्या क्लबाचाही सामना पाहायचा आहे, अशा माणसाला शुक्रवार मोकळा करून द्यायचा. मँचेस्टरच्या दोन बलाढ्य क्लबांच्या सावलीत वाढलेल्या स्टॉकपोर्ट काउंटीनेही हाच मार्ग धरला होता. यात पोलिसांच्या सोयीइतकाच गल्ल्याचा विचार होता, आणि हा विचार तिसऱ्या शेजाऱ्यालाच करावा लागतो, मोठ्या दोघांना नाही. तेव्हा आपल्या खेळात ट्रॅनमिअरचा सामना एव्हर्टनच्या फेरीत येतो ही तक्रार मला टिकणारी वाटत नाही. तो शनिवारी तीनलाच येतो, ही मात्र रास्त तक्रार आहे.

आता ज्या जोडीला आपण अभेद्य मानता, तिच्याविषयी. २०१६-१७ च्या हंगामाची सुरुवात पाहा. १३ ऑगस्टला एव्हर्टन घरी टॉटनमशी खेळले आणि दुसऱ्या दिवशी लिव्हरपूल आर्सेनलच्या मैदानावर. पुढच्या फेरीत एव्हर्टन वेस्ट ब्रॉमकडे जाणार होते आणि लिव्हरपूलकडे बर्नली येणार होते. त्यानंतर एव्हर्टन घरी स्टोकशी, लिव्हरपूल टॉटनमकडे. जोडी अगदी पाठ्यपुस्तकात शोभावी अशी होती. पण लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावरील मुख्य स्टँडच्या विस्ताराचे काम तोवर उरकणार नव्हते, म्हणून बर्नलीबरोबरच्या दोन सामन्यांची अदलाबदल झाली आणि २० ऑगस्टला लिव्हरपूल बर्नलीच्या टर्फ मूरवर गेले. म्हणजे त्या दिवशी मर्सीच्या काठी लीगमधला एकही मोठा सामना नव्हता. याची परतफेड मार्चमध्ये करावी लागली, कारण उलटी फेरी आली तेव्हा दोन्ही क्लब घरी होते: ११ मार्च २०१७ ला, शनिवारी, गुडिसन पार्कवर एव्हर्टनने वेस्ट ब्रॉमला ३-० ने हरवले आणि १२ मार्चला, रविवारी, अॅनफिल्डवर लिव्हरपूलने बर्नलीवर २-१ असा विजय मिळवला. दोन मैदानांमध्ये जेमतेम स्टॅनली पार्क एवढे अंतर असतानाही आठवडाअखेर सुरळीत पार पडली, कारण दोन सामन्यांत एक रात्र होती.

माझ्या मते वास्तवतेची खरी कसोटी येथे लागते. जोडी मोडलीच नाही, तर ती पाळल्याचे श्रेय साच्याला जाते. जोडी मोडण्याची वेळ आली की खेळ काय करतो, त्यावरून त्याच्या कर्त्यांना शेजार कळला आहे की नाही ते दिसते.

उत्तर : कोपऱ्यावरून

तिसरा_स्टँड यांच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा देतो आणि खेळांची जेथे फजिती होते अशा तीन जागा दाखवतो.

पहिली जागा बाद फेरीच्या स्पर्धांची. एफए कपची सोडत चेंडू काढून होते. तिला जोडी-बिडी काही माहीत नसते आणि दोन शेजारी एकाच फेरीत यजमान ठरू शकतात. प्रत्यक्षात पोलीस, क्लब आणि प्रक्षेपण करणारी वाहिनी यांच्या बोलण्यातून एक सामना दुसऱ्या दिवशी जातो. खेळात बहुधा सोडतीनंतर सगळ्या सामन्यांना एकच ठरावीक शनिवार लावून दिलेला असतो. ही चूक दुरुस्त करायला अवघड नाही, म्हणून तिचा मला जास्त राग येतो.

युरोपीय स्पर्धांत हा विचार नियमातच आहे. एकाच शहरातील किंवा ५० किलोमीटरच्या आतील क्लबांचे सामने एका दिवशी किंवा लागोपाठच्या दिवशी घेणे शक्य नसेल, तर सामन्यांचा क्रम बदलता येतो. २०१९ च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेड आणि बार्सिलोना यांची गाठ पडली तेव्हा सोडतीप्रमाणे परतीचा (दोनांपैकी दुसरा) सामना युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर व्हायचा होता. पण मँचेस्टर सिटीचाही टॉटनमविरुद्धचा परतीचा सामना त्याच आठवड्यात घरी होता, आणि आदल्या हंगामात सिटी लीगविजेते असल्यामुळे त्यांचा हक्क वरचढ ठरला. युनायटेडचा क्रम उलटवण्यात आला: १० एप्रिलला ओल्ड ट्रॅफर्ड, १६ एप्रिलला बार्सिलोना. सिटी ९ एप्रिलला लंडनमध्ये खेळले आणि १७ ला घरी. परतीचा सामना घरी असण्याचा फायदा केवळ शेजाऱ्यामुळे हातचा जातो, हे व्यवस्थापकाच्या भूमिकेतल्या खेळाडूला किती झोंबेल! खेळाने हे दाखवले तर मी त्याला लगेच शंभर गुण देईन.

दुसरी जागा वेगवेगळ्या श्रेणींतील शेजाऱ्यांची. नॉटिंगहॅममध्ये ट्रेंट नदीच्या एका काठावर नॉटिंगहॅम फॉरेस्टचे सिटी ग्राउंड आणि दुसऱ्या काठावर नॉट्स काउंटीचे मेडो लेन आहे. इंग्लंडमध्ये याहून जवळची दोन लीग मैदाने नाहीत. २०२४-२५ मध्ये फॉरेस्ट प्रीमियर लीगमध्ये ३८ सामने खेळले आणि लीग टूमधल्या काउंटीला ४६ सामने होते. घरचे सामने १९ आणि २३, फेऱ्यांच्या तारखाही वेगळ्या, तेव्हा येथे साच्यातली उलटी लय चालतच नाही. इंग्लंडमध्ये चारही श्रेणींचे मिळून २०३६ सामने एकत्रच मांडले जातात आणि कोणाशी जोडी हवी हे क्लबांना आधी विचारले जाते, ते यासाठीच. प्रत्येक श्रेणीचे वेळापत्रक स्वतंत्रपणे बांधणाऱ्या खेळाला हे जमणार नाही. शिवाय कोणत्याही पाच सामन्यांत घर आणि बाहेर यांचे प्रमाण तीनास दोन असेच राहावे, हंगामाची सुरुवात किंवा शेवट सलग दोन घरच्या वा सलग दोन बाहेरच्या सामन्यांनी होऊ नये, नाताळच्या दुसऱ्या दिवशी घरी असलेल्याने नववर्षाला बाहेर जावे, असे नियमही त्यातच सांभाळायचे असतात. एका क्लबासाठी एक तारीख हलवली की त्याचा जोडीदार हलतो, जोडीदारामुळे त्याचा प्रतिस्पर्धी हलतो, आणि त्या प्रतिस्पर्ध्यालाही शेजारी असतो.

तिसरी जागा स्कॉटलंडची, आणि तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. डंडीमध्ये डंडी आणि डंडी युनायटेड यांची मैदाने एकाच रस्त्यावर आहेत. तेथील बारा संघांची लीग ३३ फेऱ्यांनंतर वरच्या सहा आणि खालच्या सहा अशी दुभंगते आणि शेवटच्या पाच फेऱ्या तेव्हा नव्याने मांडल्या जातात. एक शेजारी वर आणि दुसरा खाली गेला की दोन वेगळ्या गटांची वेळापत्रके एकमेकांकडे पाहत बांधावी लागतात. ज्यांना आपला खेळ तपासायचा आहे, त्यांनी एप्रिल-मे महिन्यांतली डंडी पाहावी.

उत्तर : मडगावकर

येथे सगळी चर्चा पोलीस आणि प्रेक्षकांची चालली आहे, म्हणून एक घरचा अनुभव जोडतो. आय-लीग ही भारताची सर्वोच्च फुटबॉल लीग होती, त्या तिच्या बहराच्या काळात धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे गोव्याचे चार क्लब एकाच लीगमध्ये होते आणि फातोर्ड्याचे मैदान आम्हा सर्वांच्याच वाट्याचे होते. तेथे जोडीचा प्रश्न शहाणपणाचा नव्हता, तर जागेचा होता: एका मैदानावर एका वेळी एकच सामना होतो. मिलानच्या सान सिरोवर इंटर आणि एसी मिलान यांचेही तेच. गवताला विश्रांती हवी, हा मुद्दा तर कोणी मांडलेलाच नाही. पावसाळा लांबला की दोन दिवसांत दोन सामने झालेले मैदान तिसऱ्या दिवशी कसे दिसते, ते फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसणाऱ्याला विचारावे. मैदान सामायिक आहे एवढे खेळाला सांगितले, तर तो एका दिवशी दोन सामने ठेवत नाही, हे मी पाहिले आहे; लागोपाठच्या दिवशी मात्र निःशंकपणे ठेवतो.

प्रश्नकर्त्याला समदुःखी हवे असतील, तर त्यांनी कोलकात्याकडे पाहावे. २०२४-२५ पासून मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग हे तिघेही इंडियन सुपर लीगमध्ये आले आणि तेथेही दोघांत मावणारी गोष्ट तिघांत वाटून घ्यावी लागली. मोहम्मडनने किशोर भारती क्रीडांगण घेतले, म्हणून मैदानाचा ताण थोडा सुटला, शहराचा नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : प्रेंटन_पार्क_९

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ५७ आणि ३८ हे दोन आकडे वाचल्यावर आपण इतके दिवस अशक्य गोष्टीसाठी खेळाला बोल लावत होतो, हे ध्यानात आले आणि थोडे ओशाळल्यासारखेही झाले. तिसरा_स्टँड यांनी सांगितल्याप्रमाणे आता मी लिव्हरपूल-एव्हर्टन जोडी पूर्ववत केली आहे आणि संपादकात ट्रॅनमिअरच्या घरच्या सामन्यांसाठी शुक्रवार संध्याकाळ हा वार पसंतीचा म्हणून नोंदवला आहे. नव्याने चालवलेल्या हंगामात १९ पैकी १४ सामने शुक्रवारी गेले. उरलेल्या पाचांपैकी दोन आठवड्याच्या मधल्या फेऱ्यांचे आहेत आणि एक नाताळच्या दुसऱ्या दिवसाचा आहे, तेव्हा त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. राहिलेले दोन अजूनही शनिवारी तीनलाच आहेत आणि दोन्ही वेळा एव्हर्टन घरी आहे.

एक बारीक गोष्ट कोपऱ्यावरून यांच्यासाठी. माझ्या खेळाच्या आवृत्तीत एव्हर्टन अजून गुडिसन पार्कवरच खेळते. प्रत्यक्षात २०२५ मध्ये ते ब्रॅमली-मूर गोदीवरच्या नव्या मैदानात गेले, म्हणजे अॅनफिल्डपासून लांब आणि नदीला लागून, माझ्या बाजूला थोडे जवळ. खेळ जोड्या अंतरावरून ठरवत असेल, तर नव्या माहितीसंचात काय होते ते पाहायला हवे.

आता वेगळीच पंचाईत उभी आहे. सहा सामने उरले असून ट्रॅनमिअर सध्या सातव्या स्थानावर आहे. युरोपात प्रवेश मिळाला तर गुरुवारी रात्री सामने येतील, मग शुक्रवार आपोआप बाद होईल आणि लीगचे सामने रविवारी जातील, जेथे बहुधा लिव्हरपूल आधीच बसलेले असेल. शिवाय ५० किलोमीटरच्या आत तीन क्लब एकाच वेळी युरोपात असतील तर तिसऱ्याचा क्रम कोण ठरवते, हे मला माझ्याच खर्चाने कळणार असे दिसते. हंगाम संपला की येथेच कळवतो.